सोळा टक्क्यांआडची सक्ती

शांततेच्या काळात अठराव्या शतकातल्या ब्रिटिश नौदलाचे काम पंधरा-वीस हजार माणसांत भागत असे. युद्ध पेटले की हाच आकडा काही वर्षांत चार-पाच पटींवर जाई. सप्तवार्षिक युद्धाच्या अखेरीस तो ऐंशी हजारांच्या वर होता, १७८३ मध्ये एक लाखाच्या वर आणि १७९७ मध्ये सुमारे एक लाख वीस हजार. एवढी माणसे जमवण्याच्या मार्गांत सर्वांत बदनाम मार्ग होता तो ‘प्रेस-गँग’चा. ॲडमिरल्टीचे, म्हणजे नौदल चालवणाऱ्या मंडळाचे, वॉरंट घेतलेला एक लेफ्टनंट, त्याच्या हाताखाली सोटे आणि आखूड तलवारी बाळगणारे काही जण, आणि दर्यावर पोट असलेला माणूस दिसेल तिथून उचलण्याचा अधिकार, असे या टोळीचे स्वरूप होते.

गेल्या काही दशकांत या पद्धतीची बदनामी पुसण्याचा नेटाने प्रयत्न झाला आहे. एन. ए. एम. रॉजर यांच्या १९८६ मधील ‘द वुडन वर्ल्ड’ या ग्रंथाने जॉर्जकालीन नौदल म्हणजे तरंगता तुरुंग हे जुने चित्र मोडून काढले. जे. रॉस डॅन्सी यांनी २०१५ मध्ये त्यापुढे जाऊन १७९३ ते १८०१ या काळातल्या हजेरीपटांतील सत्तावीस हजारांहून अधिक नावे मोजली आणि सक्तीने आणलेल्यांचे प्रमाण सुमारे सोळा टक्के असल्याचे दाखवले. तेव्हापासून हा आकडा लेखांत, व्याख्यानांत आणि संग्रहालयांच्या गप्पांत निकालपत्रासारखा वापरला जातो. सोळाच टक्के सक्तीचे, बाकीचे आपखुशीने आलेले. म्हणजे प्रेस-गँग हे भाकड प्रकरण आणि तिच्याविरुद्धचा आक्रोश अतिरंजित, असा निष्कर्ष त्यातून काढला जातो. मोजणी प्रामाणिक आहे. तिच्यावर उभारलेला हा निष्कर्ष मात्र टिकत नाही.

आधी नव्या इतिहासकारांचे जे बरोबर आहे ते मान्य केले पाहिजे. टोळी रात्री गुत्त्यात शिरते आणि शिंपी, न्हावी, वाटसरू, नवरदेव असा जो हाती लागेल त्याला फरफटत नेते, हे कादंबऱ्यांनी रुजवलेले चित्र मोठ्या प्रमाणावर खोटे आहे. बिअरच्या पेल्यात गुपचूप राजाचा शिलिंग, म्हणजे भरती स्वीकारल्याची खूण असलेले नाणे, टाकून माणसाला अडकवल्याची कथाही तशीच. फसवून संमती मिळवण्याची गरज सैन्यभरतीला असू शकते. प्रेस-गँगला संमतीच लागत नव्हती, मग पेल्यात नाणे टाकायचे कशाला? १७४० च्या कायद्याने अठरा वर्षांखालील आणि पंचावन्न वर्षांवरील माणसे, परदेशी नागरिक, आणि समुद्रावरच्या नोकरीची पहिली दोन वर्षे पुरी न झालेले नवखे यांना सूट दिली होती. शिवाय शिंप्याला पकडून नौदलाला उपयोग तरी काय? वाऱ्यात हेलकावणाऱ्या जहाजाच्या डोलकाठीवर शंभर-दीडशे फूट चढून, आडव्या परबाणावर पोट टेकून ओले शीड गुंडाळायला वर्षानुवर्षांची सवय लागते. ते कौशल्य फक्त व्यापारी जहाजांवरच्या खलाशांकडे होते, म्हणून टोळीचा रोख त्यांच्यावर असे.

पण हे मान्य केले की आरोप सौम्य होत नाही, तो नेमका होतो. सरकारने एका विशिष्ट धंद्यातल्या, विशिष्ट कसबाच्या माणसांना हेरून त्यांच्यावर ही वेठ लादली होती. लंडनच्या सावकाराला, नॉरफकच्या जमीनदाराला किंवा शेतमजुरालाही तिची झळ सहसा लागत नसे. राष्ट्राच्या संरक्षणाची जी किंमत सर्वांनी मिळून मोजायची, तिचा सर्वांत जड हिस्सा एका गरीब जमातीकडून वसूल केला गेला.

आता सोळा टक्क्यांकडे. हजेरीपटातल्या नावापुढे ‘स्वयंसेवक’ असा शेरा पडला की ठरावीक रकमेचे इनाम आणि दोन महिन्यांचा आगाऊ पगार मिळत असे. सक्तीने आणलेल्याला इनाम मिळत नसे. पकडलेल्या खलाशालाही बहुधा विचारले जाई की आपखुशीने आलो असे लिहून घ्यायचे का. जायचे तर आहेच, मग इनाम का सोडा, असा विचार करून असंख्य माणसांनी होकार दिला. टोळी बंदरात उतरल्याची बातमी ऐकून पकडले जाण्याआधी स्वतःच नाव नोंदवणारे वेगळेच. त्या रकान्यातून कोणाला इनाम द्यायचे होते एवढेच कळते. माणूस स्वेच्छेने आला की दंडुक्याच्या सावलीत आला, हे त्यातून कळू शकत नाही.

दुसरे असे की टक्केवारी कशाची काढली जाते, हे पाहावे लागते. जहाजावर समुद्र कधी न पाहिलेले नवखे, अधिकाऱ्यांचे नोकर, तेरा-चौदा वर्षांची पोरे, असे सगळे असत. त्यांना कोणी पकडून आणत नव्हते. टोळ्यांचा रोख अनुभवी खलाशांवर होता हे डॅन्सीही मान्य करतात. तसे असेल तर सक्तीचे प्रमाण त्या अनुभवी खलाशांतच मोजायला हवे. पोरे आणि नवखे यांची भर घालून ते पातळ करण्याला अर्थ नाही.

सर्वांत महत्त्वाचा मुद्दा मात्र प्रवेशाचा नसून मुक्कामाचा आहे. स्वयंसेवक म्हणून आलेल्यालाही युद्ध संपेपर्यंत नोकरी सोडता येत नव्हती. जहाज दुरुस्तीला लागले की संपूर्ण खलाशीवर्ग किनाऱ्याला पाय न लावता दुसऱ्या जहाजावर वर्ग केला जाई. पळून जातील या भीतीने रजा नाकारली जाई आणि त्याच हेतूने पगाराचे काही महिने मुद्दाम थकीत ठेवले जात. पळालेल्याच्या नावापुढे इंग्रजी ‘आर’ हे अक्षर पडले की ती थकबाकी बुडाली. ॲडमिरल नेल्सनने १८०३ च्या सुरुवातीला लिहिलेल्या टिपणात फ्रान्सशी झालेल्या आधीच्या युद्धात बेचाळीस हजार खलाशी पळाल्याचा अंदाज दिला आहे. सप्तवार्षिक युद्धाचे हिशेब १७६३ मध्ये छापले गेले, त्यांत भरती झालेले १,८४,८९९, लढाईत पडलेले १,५१२ आणि रोगाने मेलेले किंवा बेपत्ता १,३३,७०८ असे आकडे आहेत. या शेवटच्या आकड्यात पळून गेलेले मिसळलेले असल्याने तो मृत्यूंचा आकडा म्हणून वाचू नये. पण मग आपखुशीने आलेल्यांच्या नौदलातून एवढी माणसे का पळाली, याचे उत्तर समर्थकांनी द्यायला हवे.

प्रत्यक्ष धरपकड बहुतेक वेळा गल्लीत होत नसे, समुद्रावर होत असे. वेस्ट इंडीजहून किंवा पूर्वेकडून लांबच्या सफरीनंतर परतणारे व्यापारी जहाज इंग्लंडच्या किनाऱ्याला, बहुधा डाउन्सच्या नांगरवाड्यात पोचते. नौदलाची होडी त्याला येऊन लागते. लेफ्टनंट वर चढतो, सगळ्यांना डेकवर उभे राहायला लावतो, हजेरी घेतो. काही जण तळाशी मालाच्या गोण्यांमागे लपलेले असतात. त्यांना तलवारीने टोचून बाहेर काढले जाते. ज्यांच्याकडे सूट देणारे संरक्षणपत्र असते ते पुढे करतात. त्यावर धारकाचे वय, उंची, केसांचा रंग, चेहऱ्यावरचे व्रण लिहिलेले असतात आणि लेफ्टनंट एकेक खूण ताडून बघतो. युद्धाची निकड वाढली की ही पत्रेही एका हुकुमाने निकामी ठरत. मग निवडलेले खलाशी होडीत उतरवले जातात आणि जहाज बंदरात न्यायला त्यांच्या जागी नौदलाची माणसे चढवली जातात. घराचा किनारा डोळ्यांसमोर असताना ते पुन्हा तीन-चार वर्षांसाठी दूर जातात. पूर्वेच्या समुद्रात नौदलाचा ताफा असला की ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांवरची माणसेही अशीच काढून घेतली जात.

समर्थकांचा पुढचा मुद्दा जीवनमानाचा आहे. नौदलात जेवण पोटभर होते, वैद्य होता, कामाला हात जास्त असल्याने मेहनत कमी होती आणि वर शत्रूची जहाजे पकडल्यावर लुटीचा वाटा होता, असे सांगितले जाते. यातले पहिले तीन दावे बऱ्याच अंशी खरे आहेत. लुटीचा वाटा कसा पडे ते मात्र बघितले पाहिजे. १७०८ पासून जी वाटणी चालली तिच्यात पकडलेल्या मालाचे आठ भाग होत: तीन भाग कॅप्टनचे (त्यातला एक त्याच्या ॲडमिरलचा), एकेक भाग अधिकाऱ्यांच्या आणि दुय्यम अधिकाऱ्यांच्या तीन वर्गांचा, आणि उरलेले दोन भाग जहाजावरच्या शेकडो खलाशांत मिळून. १७६२ मध्ये पकडलेल्या ‘हर्मायोनी’ या स्पॅनिश खजिन्याच्या जहाजाचे उदाहरण नेहमी दिले जाते. प्रत्येक खलाशाला सुमारे ४८५ पौंड मिळाले, म्हणजे त्याच्या जवळजवळ एकतीस वर्षांच्या पगाराइतके. त्याच वाटणीत ते पकडणाऱ्या दोन्ही जहाजांच्या कॅप्टनांना प्रत्येकी सुमारे ६५,००० पौंड मिळाले, हे त्याच्या शेजारीच लिहिले पाहिजे. आणि ‘हर्मायोनी’ शतकात एखादीच सापडते.

या वाटणीचा एक धागा कोकणातही आहे. फेब्रुवारी १७५६ मध्ये ॲडमिरल वॉटसन आणि क्लाइव्ह यांनी तुळाजी आंग्र्यांचा विजयदुर्ग घेतला, तेव्हा सुमारे दहा लाख रुपयांची लूट हाती आली. पेशव्यांचे सैन्य मोहिमेत असूनही त्यांना तीतले काही मिळाले नाही. वाटणी मुंबईतच आधी ठरवली गेली होती. ती ठरवतानाही भांडण झाले ते क्लाइव्हचा वाटा नौदलाच्या कॅप्टनएवढा असावा की जास्त, यावरून. तोफा ओढणाऱ्या खलाशाचा वाटा किती, यावरून कोणत्याही अधिकाऱ्याने भांडण केले नाही.

सगळ्या प्रकरणाचे मूळ पगारात आहे. कुशल खलाशाचा पगार १६५३ मध्ये अठ्ठावीस दिवसांच्या महिन्याला चोवीस शिलिंग असा ठरला आणि १७९७ पर्यंत तो तसाच राहिला. एकशे चव्वेचाळीस वर्षे. या काळात धान्य महागले, भाडी वाढली आणि युद्धकाळात व्यापारी जहाजांवरचा पगार दुपटी-तिपटीवर गेला. व्यापारी मालक जास्त पैसे का देत होते? कारण खलाशी दुर्मीळ झाले होते. दुर्मीळ कसबाला जास्त मोल देणे हा व्यवहार आहे. नौदलाने ते मोल नाकारले आणि माणूस जबरदस्तीने उचलला. पगारातली ती तफावत खलाशाच्या खिशातून काढली. जबरदस्ती होती म्हणून पगार वाढवावा लागला नाही आणि पगार वाढला नाही म्हणून जबरदस्ती लागत राहिली. सक्तीने आलेले किती टक्के, या प्रश्नापेक्षा हा हिशेब कितीतरी मोठा आहे, कारण सक्तीच्या धाकाने दबलेला पगार स्वयंसेवकालाही तेवढाच मिळत होता.

अधिकाऱ्यांच्या कारकिर्दीकडे पाहिले की हा अन्याय पुरता उघडा पडतो. ब्रिटिश नौदलातली अधिकारपदे सैन्यासारखी विकत मिळत नव्हती, ही गोष्ट गौरवाची आहे. सॅम्युएल पेप्सच्या पुढाकाराने १६७७ मध्ये लेफ्टनंटपदासाठी परीक्षा सुरू झाली. पुढे सहा वर्षांचा समुद्रानुभव आणि वीस वर्षांचे वय ही अट रूढ झाली. उमरावाच्या मुलालाही दोर ओढणे, सूर्याची उंची मोजणे, जहाज वळवणे शिकावे लागे. पण परीक्षा पास झालेल्याला जहाज मिळेलच असे नव्हते. ते मिळे वशिल्याने. होरेशिओ नेल्सन १७७१ मध्ये मामाच्या जहाजावर दाखल झाला. १७७७ मध्ये तो लेफ्टनंट झाला तेव्हा त्याचे वय अठरा होते, नियमापेक्षा दोन वर्षे कमी. मामा मॉरिस सकलिंग त्या वेळी नेव्ही बोर्डाचा प्रमुख होता. विसाव्या वर्षी, १७७९ मध्ये, नेल्सन पूर्ण कॅप्टन झाला. त्या पायरीवर एकदा पाऊल पडले की पुढची बढती ज्येष्ठतेच्या यादीने आपोआप चाले. वरचे मरत गेले की खालचे ॲडमिरल होत. नेल्सनची गुणवत्ता वादातीत आहे. पण तेवढ्याच गुणाचा, मामा नसलेला मिडशिपमन, म्हणजे अधिकारपदाचा उमेदवार, तिशी-चाळिशी उलटली तरी परीक्षेचा दाखला खिशात घेऊन त्याच पायरीवर उभा असे.

याला उत्तर म्हणून जेम्स कुकचे नाव पुढे येते. शेतमजुराचा मुलगा, व्हिटबीच्या कोळसावाहू जहाजांवर वाढलेला, १७५५ मध्ये वॉपिंगला आपखुशीने नौदलात भरती झाला आणि जगप्रसिद्ध नाविक झाला. म्हणजे वाट सर्वांना मोकळी होती, असे म्हटले जाते. कुकची कर्तबगारी अस्सल आहे आणि तिचा आदर प्रत्येकाने करावा. पण त्याच्या तारखाही वाचाव्यात. मालक त्याला एका जहाजाचा कप्तान करायला तयार असताना तो नौदलात गेला, ते युद्धाची तयारी सुरू होऊन टेम्सवर धरपकड चालू झालेल्या महिन्यांत. लेफ्टनंटपद त्याला १७६८ मध्ये, एकोणचाळिसाव्या वर्षी मिळाले, तेही प्रशांत महासागराच्या मोहिमेसाठी असा माणूस हवाच होता म्हणून. एका कुकच्या वर चढण्याने बाकीच्या लाखभर माणसांची शिडी तयार होत नाही.

आणि चढण्यापेक्षा उतरण्याचा प्रश्न मोठा आहे. अधिकाऱ्याला नोकरीतून बाहेर राहता येत होते. न आवडणारी नेमणूक तो नाकारू शकत होता. सतराव्या शतकाच्या अखेरीपासून बेकार अधिकाऱ्याला अर्धा पगार मिळे. नेल्सन १७८७ पासून पाच वर्षे नॉरफकमध्ये, वडिलांच्या गावी, त्याच पैशावर राहिला. शांतता झाल्यावर खलाशाला मिळे ते सुटकेचे पत्र आणि थकलेल्या पगाराचे तिकीट, जे वटवायला ठरावीक कचेरीपर्यंत जावे लागे किंवा दलालाला पडत्या किमतीत विकावे लागे. पगाराचा काही भाग घरी पाठवण्याची सोय १७५८ च्या ग्रेनव्हिलच्या कायद्याने झाली, हे श्रेय द्यायलाच हवे. ती सोय होण्याआधी आणि नंतरही किती घरे उघडी पडली त्याची मोजदाद कोणत्याही हजेरीपटात सापडणार नाही.

मेरी जोन्सचे घर त्यांतले एक. १७७० मध्ये फॉकलंड बेटांवरून स्पेनशी युद्ध होईल असे वाटले आणि वॉरंटे निघाली. तिचा नवरा पकडला गेला. सर विल्यम मेरेडिथ यांनी १७७७ मध्ये पार्लमेंटमध्ये सांगितलेल्या हकिकतीनुसार तिचे वय एकोणीसही पुरे नव्हते, दोन लहान मुले होती, घर गेले, भीक मागायची वेळ आली. लडगेट हिलच्या एका कापडाच्या दुकानात तिने गल्ल्यावरचे जाडेभरडे कापड उचलून झग्याखाली घेतले; दुकानदाराने पाहिले तसे तिने ते परत ठेवले. १७७१ मध्ये तिला फाशी झाली. टायबर्नच्या फाशीच्या जागेकडे जाताना तान्हे मूल तिच्या अंगावर पीत होते. सोळा टक्क्यांच्या त्या गणितात मेरी जोन्स कोणत्या रकान्यात बसते?

कायद्याचा आधार विचारावा तर तोही डळमळीत होता. ही पद्धत सुरू करणारा पार्लमेंटचा कायदा नव्हता. राजाचा परंपरागत अधिकार एवढेच तिचे बळ होते. १७४३ मध्ये ब्रिस्टलला अलेक्झांडर ब्रॉडफूट या खलाशाने जहाजावर चढलेल्या टोळीतल्या एकाला गोळी घातली. न्यायाधीश मायकेल फॉस्टर यांनी पद्धत वैध ठरवली, पण वॉरंट ज्याच्या नावे होते तो लेफ्टनंट त्या वेळी हजर नव्हता म्हणून ती धरपकड बेकायदा मानली आणि खुनाऐवजी सदोष मनुष्यवधाचाच दोष लावला. तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूमने १७५२ मध्ये लिहिले की स्वातंत्र्याचा एवढा अभिमान बाळगणाऱ्या देशात ही गोष्ट उघड बळजबरीची आहे. बॉस्टनमध्ये १७४७ च्या नोव्हेंबरात कमोडोर नोल्सने माणसे उचलल्यावर शहर तीन दिवस दंगलीत होते.

शेवटचा आणि सर्वांत भारदस्त बचाव ‘नाइलाजा’चा आहे. युद्ध एकाएकी येते, फ्रान्सचा धोका खरा होता, दुसरा मार्ग नव्हता, असे म्हटले जाते. १७७६ मध्ये न्यायाधीश लॉर्ड मॅन्सफील्ड यांनीही या पद्धतीचे समर्थन गरजेच्याच आधारावर केले. पण मार्ग सुचवले गेले होते. १६९६ मध्ये खलाशांची ऐच्छिक नोंदणी सुरू झाली होती, वर्षाला दोन पौंड देण्याच्या वचनावर. ती फसली आणि १७१० मध्ये रद्द झाली, कारण पैसे वेळेवर दिले जात नव्हते आणि नोंदवलेल्यालाही टोळ्या सोडत नव्हत्या. १७२८ मध्ये जेम्स ओगलथॉर्प यांनी खलाशांच्या बाजूने पुस्तिका काढून धरपकडीवर घणाघात केला. फ्रान्समध्ये मंत्री कोल्बेरने सतराव्या शतकातच किनारपट्टीच्या नाविकांची पाळीपाळीने सेवा ठरवली होती. तीही सक्तीच होती आणि तिच्यात दोष होते, पण आपली पाळी कधी आहे हे तिथल्या खलाशाला निदान माहीत असे. ब्रिटनने पगार वाढवून पाहिला नाही, तोवर नाइलाज सिद्ध झाला असे म्हणता येत नाही.

पगार वाढवायला भाग पाडले ते खलाशांनीच. १७९५ मध्ये सैन्याचा पगार वाढला, नौदलाचा नाही. १७९७ च्या सुरुवातीला ॲडमिरल लॉर्ड हाऊकडे खलाशांचे अर्ज गेले, त्यांची दखल घेतली गेली नाही, आणि १६ एप्रिलला स्पिटहेडच्या ताफ्याने नांगर उचलायला नकार दिला. फ्रेंच ताफा बाहेर पडला तर आपण लढायला जाऊ, असे त्यांनी त्याच वेळी जाहीर केले. मागण्या होत्या: वाढीव पगार, सोळा औंसांचा पुरा पौंड (भांडारी चौदा औंसांचा देई), भाजीपाला, आजाऱ्यांची काळजी, बंदरात आल्यावर घरी जाण्याची रजा. या यादीत प्रेस-गँग बंद करण्याची मागणी नव्हती, यावर समर्थक बोट ठेवतात आणि खलाशांना ती मान्य होती असे सुचवतात. पण सक्तीची दोन मुख्य अंगे, दाबलेला पगार आणि नाकारलेली रजा, या दोन्हींवर त्यांनी थेट हात घातला होता. मे महिन्यात पार्लमेंटने पगारवाढ मंजूर केली. कुशल खलाशाला महिन्याला साडेपाच शिलिंग जास्त मिळाले, बंडखोरांना माफी मिळाली, राज्य बुडाले नाही.

नेपोलियनशी युद्ध संपेपर्यंत टोळ्या चालूच राहिल्या. १८१५ नंतर त्या पुन्हा निघाल्या नाहीत. १८३५ च्या कायद्याने सक्तीच्या सेवेला पाच वर्षांची मर्यादा घातली. १८५३ मध्ये नौदलाने सलग दहा वर्षांच्या सेवेचा करार आणला, त्यात चांगला पगार आणि पुढे पेन्शन ठेवले, आणि तेव्हापासून खलाशी त्या करारावर भरती होऊ लागले.